दोन डबे एका छपराखाली नकोत

ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो तेव्हा रेवाने विचारलं, "आजी, तुझ्या मागे गच्चीवर ते हिरवं काय लुकलुकतंय?" नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली आणि मी "नंतर सांगते" म्हणाले. सोमवारी पावसाआधी गच्चीला डांबराचा थर द्यायला माणूस आला. त्यानेही तेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. "आजी, हा डबा भंगारात टाकू का? आता तर टॉवर झालाय." मी त्याला डब्याला हात लावू दिला नाही. त्याच्या भोवतीने थर दे म्हटलं. दोन दिवसांत दोघांनी विचारलं, म्हणजे आता नीट लिहून ठेवायला हवं. फोनवर हे सांगणं जमणार नाही, कारण तुम्ही मधेच प्रश्न विचारता आणि मी भरकटते.

तो डबा पूर्वी आपल्या वरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या सरांचा. तुमचे आजोबा गेल्यावर त्या खोल्या रिकाम्याच होत्या. सर मोठ्या शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात बिनतारी संदेशवहन शिकवून निवृत्त झालेले. मी विचारलं, "जव्हारलाच का आलात? इथे तुमचं कुणीच नाही." तर म्हणाले, "इथले डोंगर एकमेकांना दिसतात." मला वाटलं निसर्गप्रेमी असतील. तसं नव्हतं. त्यांना डोंगरांचं फक्त तेवढंच आवडत असे.

पहिल्याच महिन्यात त्यांच्या वागण्याचा मला मनस्ताप झाला. माझ्या घरात मिठाच्या बरणीवर मीठ लिहिलेलं असतं आणि त्यात मीठच असतं. सरांचं सगळंच उलट. एका सकाळी दूधवाला मला म्हणाला, "वरच्या सरांनी सांगितलंय, रविवारी." मी म्हटलं, रविवारी काय? तो म्हणाला, "एवढंच सांगितलंय." दुपारी इस्त्रीवाला आला आणि कपड्यांचं गाठोडं ठेवत म्हणाला, "सरांचा निरोप आहे. जेवायला." संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानातूनच हाक मारली, "बाई, तुम्ही आणि तुमची मैत्रीण!" तिन्ही तुकडे जुळवल्यावर कळलं, की रविवारी मला आणि शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना सरांकडे जेवणाचं आमंत्रण आहे. मी जिना चढून वर गेले आणि म्हटलं, "अहो, मी खालीच राहते. दार वाजवून सांगता आलं नसतं?"

"आलं असतं," ते शांतपणे म्हणाले. "पण पोचलं ना? आणि मधल्या तिघांपैकी एकालाही कळलं नाही, की माझ्याकडे रविवारी जेवण आहे."

"कळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"वाणी आला असता. त्याला वांगं चालत नाही."

असे होते. बसस्टँडवर गेले की मोखाड्याची गाडी किती वाजता, हे तीन जणांना विचारायचे आणि दोघांचं जे जुळेल ते खरं धरायचे. त्यात दोनदा गाडी चुकली, पण पद्धत सोडली नाही. स्टँडला जायचा रस्ता रोज वेगळा. गावात तीन ओळखीच्या घरी त्यांच्या तीन छत्र्या ठेवलेल्या असत, त्यामुळे पाऊस कुठेही गाठो, छत्री जवळच. भर मे महिन्यात तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर घालत. तो कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एक वाक्य मात्र ते सारखं म्हणत: "मधल्या माणसावर विश्वास ठेवावा, पण त्याला सगळं सांगू नये." मी हे त्यांच्या स्वभावाचं वाक्य समजत होते. त्यांचं आयुष्यभराचं काम त्या वाक्यात होतं, हे मला वनिता आली तेव्हा कळलं.

वनिता माझी विद्यार्थिनी. वसतिगृहात राहून शिकली, इंग्रजीत बरी होती, आणि लग्न होऊन सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर गेली. बाजाराला जव्हारला आली की माझ्याकडे चहा घेऊनच परत जायची. त्या दिवशी ती चहा हातात धरून बसली होती आणि पीत नव्हती.

"बाई, आमच्या पाड्याची विहीर शिमग्याआधीच तळ दाखवते. टँकर येतो तो फाट्यापर्यंत. तिथला माणूस ठरवतो, कुठल्या पाड्याला जायचं ते. त्याला विचारलं तर म्हणतो, तुमचा निरोपच नाय आला."

फाट्यावरचा तो माणूस सरकारी नव्हता. टँकरच्या कंत्राटदाराने नेमलेला होता, आणि त्याचं तिथे दुकानही होतं.

"निरोप कुणाजवळ देता?" जिन्यावरून आवाज आला. सर खाली येता येता थांबले होते.

"त्याच्याजवळच," वनिता म्हणाली.

"म्हणजे जो निरोप गिळतो त्याच्याच हातात निरोप ठेवता?"

"मग काय डोंगरावरनं ओरडू? फोनला रेंज त्याच्याच दुकानापाशी हाय."

"ओरडा की," सर म्हणाले. "पण तीन बाजूंनी ओरडा."

वनिताने माझ्याकडे बघितलं. "बाई, हे नेहमी असंच बोलतात?"

"नेहमी," मी म्हटलं.

पुढच्या काही महिन्यांत सर सूर्यमाळचे सगळे पाडे पायी फिरले. त्यांनी डबे बनवले होते. जेवणाच्या डब्याएवढे, वर एक छोटी काडी, बाजूला हाताच्या पंज्याएवढं सोलर पॅनल. फोनला रेंज नसली तरी फोन त्या डब्याशी बोलतो. डबा समोरच्या डोंगरावरच्या डब्याला निरोप देतो, तो पुढच्याला, असं करत करत निरोप आपल्या गच्चीवर पोचतो. मधे ना तार, ना टॉवर, ना कुठली कंपनी. ज्याच्या घरावर डबा, तोच टपालवाला. ईशान, तू शिकतोस त्यात याला मोठं नाव असेल. सर त्याला नुसतं "डबे" म्हणत.

निघताना डबा निरोपाचे तीन तुकडे करायचा आणि ते तीन वेगळ्या वाटांनी सोडायचा. कुठलेही दोन पोचले की निरोप पुरा वाचता येतो. एकच तुकडा कुणाच्या हाती लागला तर त्याला त्यातून काहीच कळत नाही, आणि एखाद्याने एक तुकडा गिळला तरी निरोप थांबत नाही. फाट्यावरच्या माणसाला उद्देशून हे सगळं होतं, पण सरांनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. पाड्यावर डबा बसवताना ते प्रत्येक घरात दोनच गोष्टी सांगत. एक, डब्याला ऊन दाखवा, उपाशी ठेवू नका. दोन, डबा परक्या माणसाच्या हाती देऊ नका.

त्या दोन गोष्टी लोकांनी फार प्रामाणिकपणे पाळल्या. घोटाळा त्यातूनच झाला.

दिवाळी झाली की त्या पाड्यांवरची घरंच्या घरं वीटभट्टीवर कामाला जातात, भिवंडीकडे, ठाण्याकडे. घराला कडी लागते. मागे म्हातारी माणसं, काही लेकुरवाळ्या, काही शाळेतली मुलं. त्या वर्षीही गेली. सर रोज सकाळी गच्चीवर जाऊन फोनवर डब्यांची हजेरी घ्यायचे आणि खाली येऊन मला सांगायचे, "बाई, सगळे जागे आहेत! आणि एकमेकांना इतके ठणठणीत ऐकू येतायत, की विचारू नका. वाटा कधी नव्हत्या एवढ्या मजबूत झाल्यात."

"आणि वनिता?"

"तिचा तेवढा दिसत नाही. गेली असेल भट्टीवर. डबा घेऊन गेली वाटतं, गुणाची पोरगी."

मलाही ते पटलं. निरोप नाही, म्हणजे पाणी असणार, असं आम्ही दोघांनी धरून टाकलं.

फाल्गुनातल्या एका दुपारी वनिता दारात उभी राहिली. कडेवर बाळ, पायात धूळ. नमस्कार केला नाही, सरळ विचारलं, "सर आहेत?"

सर जिन्यावरच होते. "अरे! तू भट्टीवर गेली नाहीस?"

"मी गेले असं कोणी सांगितलं तुम्हांला?"

"कोणी नाही."

"मग?"

सर उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आले.

"तुमचा डबा मुका हाय, सर," ती म्हणाली. "रोज निरोप सोडते. पानी संपलंय, टँकर पाठवा. डब्यावर दिवा लागतो, विझतो. कोण येत नाय. आम्ही बाया घळीत उतरून वाटीनं पानी काढतो. सासू घसरली, हात मोडला तिचा. आणि फाट्यावरचा हसून काय म्हणतो माहितीय? म्हणतो, माझ्याकडनं निरोप दिला असता तर उशिरा का होईना पोचला असता."

मी बाळाला घेतलं, नर्सबाईंकडे ठेवलं, आणि वनिताला घेऊन तडक तहसील कचेरीत गेले. तिथल्या साहेबांच्या टेबलासमोर ती जे बोलली ते शुद्ध, स्पष्ट आणि मुद्देसूद होतं. मास्तरीण म्हणून मला बरं वाटलं. त्याच संध्याकाळी तिच्या पाड्याला टँकर गेला. पण एका टँकरसाठी तिला डोंगर उतरून, दोन गाड्या बदलून यावं लागलं होतं, आणि फाट्यावरच्या माणसाचं वाक्य खरं ठरलं होतं. सर रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सूर्यमाळला गेलो. वाटेतल्या पहिल्या पाड्यावर ज्या छपरांवर डबे बसवले होते, त्यांवर एकही नव्हता. पुढच्या पाड्यावरही नाही. "हजेरी तर सगळ्यांची लागते," सर पुटपुटत होते, "हजेरी तर लागते."

शेवटी बुधीआजीच्या घराशी आलो. बुधीआजी म्हणजे त्या भागातली सगळ्यांत विश्वासाची बाई. कुणाचं सुईणपण, कुणाचं भांडण, सगळं तिच्याकडे. कारवीच्या भिंतीचं, शेणाने सारवलेलं घर. आणि अंगणात, नाचणी वाळत घालावी तसे, ओळीने सगळे डबे. प्रत्येकाचं पॅनल सूर्याकडे वळवलेलं. सगळे दिवे लुकलुकत होते.

सर मधोमध जाऊन उभे राहिले.

"आलास बाबा?" बुधीआजी म्हणाली. "मोज, बरोबर हायत का. जाताना लोकां माझ्याकडं ठेवून गेली. सकाळी उनात काढते, सांजेला कणगीत ठेवते. एक दिवस उपाशी नाय ठेवलं."

"पण आजी, सगळे तुमच्याकडेच का?"

"तूच म्हनलास ना, परक्याला देऊ नका? तो फाट्यावरचा आलेला मागायला. म्हनला, तुमी जाताय, डबं माझ्या दुकानात ठेवा, सांभाळतो. कोनी दिलं नाय त्याला. मी काय परकी हाय?"

आता तुम्हांला समजलं असेल. सगळे डबे एका अंगणात बसून एकमेकांशी ठणठणीत आवाजात गप्पा मारत होते. त्यांच्यातला आणि जव्हारमधला दुवा, कड्यावरच्या देवळाचा डबा, जागेवर होता, म्हणून हजेरी लागत होती. पण दरीपलीकडच्या वनिताच्या डब्याला हाक ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

वनिता आधी डब्यांकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. काल रडकुंडीला आलेली पोरगी, पदर तोंडाला लावून हसत होती. "सर, तुमचे टपालवाले सगळे एकाच ओट्यावर बसलेत."

मला वाटलं सर चिडतील. ते खाली बसले, जमिनीवरच, डब्यांच्या ओळीत. अंगणभर नजर फिरवली. मग त्यांनी जे विचारलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं.

"आजी, ही माणसं भट्टीवर गेली तर त्यांच्या कोंबड्या कुठे आहेत? तुमच्या अंगणात एकही दिसत नाही."

"कोंबड्या? त्या वाटून ठेवल्यात. दोन ह्या वनिताकडं, तीन त्या टेकाडावरच्या घरी, दोन खालच्या पाड्यावर."

"सगळ्या तुमच्याकडे का नाही ठेवल्या?"

बुधीआजीने सरांच्या शिक्षणाबद्दल शंका आल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. "आन् मर आली म्हंजे? एका रात्रीत सगळ्या जातील की."

"झालं तर!" सर ताडकन उठले. स्वेटरला शेण लागलं होतं. "आजी, हे डबे नव्हेत, कोंबड्या आहेत. कोंबड्या समजा!"

"तसं आधी सांगायचं," बुधीआजी म्हणाली. "मला काय ठावं, याला पन मर येते."

होळीला भट्टीवरची माणसं सणापुरती गावी आली. होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बुधीआजीच्या अंगणात सगळे बसले, आणि जशा कोंबड्या वाटतात तसे डबे वाटले. जाणाऱ्याचा डबा राहणाऱ्याच्या घरी, पण कुठल्या घरी, हे डोंगर बघून ठरवायचं, नातं बघून नाही. यावर थोडी चकमक झाली. एक जण म्हणाला, "माझा डबा माझ्या मेव्हण्याकडंच राहील." वनिता म्हणाली, "तुझा मेव्हणा खड्ड्यात राहतो. तिथनं आकाशबी दिसत नाय." हशा झाला आणि डबा टेकाडावर गेला. नियम एकच ठरला: दोन डबे एका छपराखाली नकोत.

सरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी पाड्यापेक्षा स्वतःलाच सांगितली असं मला वाटलं. निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरायचं नाही. म्हणून पाणी असलं तरी रोज सकाळी कळवायचं, की पाणी आहे. ते काम वनिताने घेतलं. तिच्या सासूचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. ती म्हणाली, "मी विसरले तर ही आठवण करील. हिला दुसरं काम काय हाय आता?" सासूने चांगल्या हाताने तिच्या पाठीत चापट मारली.

दिवाळीनंतर घरं पुन्हा रिकामी झाली. रोज सकाळी चहाच्या वेळी वनिताचा निरोप येई: पाणी आहे. माघ संपता संपता एका दुपारी सर वरून ओरडले, "बाई, वर या!" मी गुडघ्यांची पर्वा न करता वर गेले. फोनच्या पडद्यावर एक तुकडा आलेला होता, नुसती आकडे-अक्षरांची खिचडी. देवळावरून येणारा दुसरा तुकडा आलाच नाही. आदल्या दिवशीच्या वावटळीत तिथला डबा खाली पडला होता, हे नंतर कळलं. आम्ही दोघं उन्हात उभे. सर स्वेटरचं बटण फिरवत होते. मला अंगणातली डब्यांची ओळ आणि घळीतली वाटी आठवत होती.

मग तिसरा तुकडा आला. तो लांबची वाट धरून, मोखाड्याला वळसा घालून, जामसरच्या माळावरून आला होता. खिचडीची अक्षरं जुळली आणि पडद्यावर मराठी उमटलं:

विहीर आटली. टँकर पाठवा. घाई आहे पण घाबरू नका.

शेवटचं वाक्य आमच्यासाठी होतं. सरांनी चष्मा काढून पुसला. मी निरोप कचेरीत नेऊन दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच टँकर पाड्यावर गेला. फाट्यावरच्या माणसाला टँकर पुढे जाताना दिसला तेव्हाच कळलं. त्याने वनिताला गाठून विचारलं म्हणे, "निरोप कुणाकडनं दिलास?" तिने सांगितलं, "कोंबडीकडनं."

सरांचं जाणंही त्यांच्या पद्धतीनेच झालं. नजर अधू झाली होती, जिना जमेनासा झाला होता. एके दिवशी दूधवाला म्हणाला, "सर म्हणाले, मंगळवारी." इस्त्रीवाला म्हणाला, "बहिणीकडे." एवढ्या दोन तुकड्यांवर मला कळायचं ते कळलं. मी वर गेले नाही. मंगळवारी डबाभर मेथीच्या वड्या बांधून दिल्या. त्या घेऊन ते रिक्षात बसले आणि स्टँडला जायला लांबचा रस्ता सांगितला. तिसरा तुकडा आठवड्याने, बाजाराच्या दिवशी, वनिता घेऊन आली. "सरांनी तुम्हांला सांगायला सांगितलंय. गच्चीवरची कोंबडी बाईंची."

वर्षभराने त्यांच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेले. त्यांना काही त्रास झाला नाही.

मोखाड्याच्या बाजूला आता टॉवर आहे. वीज गेली की तोही जातो, आणि वीज जाते. सूर्यमाळच्या पाड्यांवर दर दिवाळीनंतर डबे वाटले जातात. ते काम बुधीआजी अजूनही स्वतः करते. काही डबे सरांच्या हातचे आहेत, काही वनिताने आणि तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी मिळून नव्याने जोडलेले. एका छपराखाली दोन नाहीत. आपल्या गच्चीवर एक आहे, आणि त्याच्या भोवतीने डांबराचा थर नीट बसला आहे.

आज सकाळचा निरोप आला. पाणी आहे.

तुमची,
आजी